कुंचीतला हिरवा टाका

आजच्या समारंभाचे आणि शिवणवर्ग समितीचे अध्यक्ष, माजी सुभेदार आदरणीय नाथाजीराव, व्यासपीठावर विराजमान सरपंच संयोगिताताई, महिला मंडळाच्या सर्व पदाधिकारी, पहिल्या रांगेतल्या वडीलधाऱ्या बयाकाकू, आणि एकतीस वर्षं माझी बोलणी खाऊन शिवण शिकलेल्या माझ्या लेकींनो,

शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. शालीची कड जरा उसवलीय, घरी गेल्यावर टीप मारीन. काय करणार, निवृत्त झालं तरी नजर निवृत्त होत नाही!

सगळ्यांनी माझ्या हाताचं कौतुक केलं. ते खरं माझ्या आत्याचं, हरणाबाईचं. तेविसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती माहेरी आली. पायमशीनला माझे पाय पुरत नव्हते तेव्हापासून तिनं मला काजं करायला बसवलं. टाका वाकडा गेला की म्हणायची, "उसवायची लाज नसावी, बाय. वाकडं तसंच ठिवायची असावी."

गावाच्या वाकळा, परकर, चोळ्या सगळं तिच्याकडं. पण बाळंतविडा? छे! बारशाची कुंची विधवेच्या हातची नको. त्यासाठी लोक दहिवडीला ज्ञानू शिंप्याकडं जायचे. आता गंमत ऐका. ज्ञानूमामांना कुंची जमतच नव्हती, टोकाला झोळ यायचा. मग बाजाराच्या दिवशी ते कापड गुपचूप माझ्या वडिलांच्या पिशवीत टाकायचे आणि पुढच्या बाजाराला शिवलेली कुंची परत जायची. अशी वीस वर्षं गेली!

प्रत्येक कुंचीच्या अस्तरात आत्या हिरव्या दोऱ्याचा एक टाका घालायची. मी विचारलं, कशाला गं? म्हणाली, "हातात हिरवं भरू देत न्हाईत. लेकरांच्या डोक्याला तरी माझं हिरवं लागू दे."

गेल्या वर्षी आत्या गेली. हे सांगू नकोस, असं ती कधीच म्हणाली नव्हती. मीच भ्याले, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

आज का सांगते? माझ्यामागं शिवणवर्ग माझ्याच हाताखाली शिकलेल्या राणीनं चालवावा, असं मंडळात ठरलं होतं. तिच्याइतका बारीक हात या पंचक्रोशीत नाही. दिवाळीत तिचा नवरा अपघातात गेला, आणि परवा तिचं नाव खोडलं. का? तर वर्गात बाळंतविडे शिवतात, तिथं तिचा हात नको. राग मानू नका अध्यक्षसाहेब, पण खोडणारे आपणच.

म्हणून काल मी आपल्या मातोश्रींकडं गेले. बयाकाकूंनी ट्रंक उघडली आणि साहेब, आपल्याच बारशाची कुंची काढून दिली. ही बघा. अस्तर उलटं करते. दिसला टाका? मी विचारलं, "काकू, तुम्हाला कळलं नव्हतं?" तर म्हणाल्या, "आगं, हरणीचा हात मला वळखू येत न्हाई व्हय? ठावं असूनच घातली. लेकरू लय ठणठणीत निघालं की!"

साहेब, चोवीस वर्षं सैन्यात काढलीत, धडधाकट परत आलात. त्या हातानं आपलं काय वाईट केलं? आणि तुम्ही हसू नका मंडळी. पन्नाशीतल्या प्रत्येकानं आज घरी जाऊन आपली कुंची उलटून बघायची!

कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे वर्गाची किल्ली मी अध्यक्षांच्या हाती द्यायची आहे. मी देणार नाही. राणी, ऊठ. मागं बघू नकोस, वर ये. ही घे किल्ली. पहिलं काम माझंच आहे. रविवारी माझ्या नातीचं बारसं आहे, तिची कुंची तू शिवायचीस. हिरवा टाका या खेपेला आत नको, वरून घाल. सगळ्यांना दिसू दे.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्यात कुठं टाका वाकडा गेला असेल तर मोठ्या मनानं पदरात घ्या. जे उसवलं, त्याची मात्र मी माफी मागत नाही.