पहिल्या खटल्यातला कोंबडा

आमच्या सूनबाईचं ऐकलंत का? वीस वर्षं जव्हारच्या शाळेत पोरांना पाढे शिकवले आणि पंचेचाळिसाव्या वर्षी बाई झाली सरकारी वकील. माझा लेक तिला म्हणाला, "या वयात कोर्टात हसं करून घेशील." मग काय, पहिला खटला तिला जिंकायचाच होता.

खटला कोंबड्याच्या चोरीचा. फिर्यादी माझ्या माहेरचा, पोशेऱ्याचा लखमा. चोर त्याचाच शेजारी. पोलिसांनी कोंबडा सोडवून लखमालाच सांभाळायला दिलेला, कोर्ट म्हणेल तेव्हा हजर करायच्या बोलीवर.

तारखेला मीही मागं जाऊन बसले. बघते तर फिर्यादी आणि चोर एकाच जीपमधून हसत उतरले!

सूनबाईनं दमात विचारलं, "लखमा, कोंबडा कुठाय?"

"खाल्ला, बाई."

"कोणी?"

"सगळ्यांनी. पंचांनी आमचा तंटा मिटवला. मिटला की दोघांनी एका ताटात जेवायचं नि आपल्या माणसांना वाटे द्यायचे, अशी रीत हाय आमची."

"वाटे कुणाकुणाला दिले?" ती सोडते होय!

लखमानं बोटांवर नावं मोजली आणि शेवटच्या बोटाला माझ्याकडं बघून गप्प झाला. मी पदर तोंडाला लावला.

जज्जसाहेब हसू दाबत म्हणाले, "मिटलंय तर मिटवून टाकू."

कोर्टातून सूनबाई तरातरा घरी आली. दारात चपला काढताना म्हणाली, "आई, खरं सांगा. रविवारी कालवण कशाचं होतं?"

म्हटलं, "दोनदा मागून घेतलंस, तेव्हा नाही गं विचारलंस!"