लांबची काच

शेखर : सहाशेचीच लेन्स लावतो. मी त्या ट्रॅक्टरमांगं उभा राहीन, मनकर्णाकाकू तुळशीपाशी बसन. मधात इतकं अंतर हाये का तिले पत्ताच लागणार नाई.

वंदना : ही लोणारच्या पक्षीवाल्या सरांची लेन्स हाये ना? पाखरं टिपाची? मंग काकू काय बगळा हाये?

शेखर : वंदना, हा मस्करीचा टाईम नोहे. बारा वीसचा मुहूर्त हाये आन् अकरा वाजून गेले.

वंदना : मस्करी नाई करून राह्यली मी. तिसऱ्यांदा तीच काच पुसून राह्यले तुम्ही. एवढे काऊन घाबरले?

शेखर : घाबरन नाई तं काय! वीस वर्सं झाले लग्नाचे फोटो काढून राह्यलो, कोण्या नवरीनं असं काम नाई सांगतलं. "शेखरदादा, माहे फोटो खराब आले तं चालतीन. आईचा एक पाहिजे. तोंड सारं दिसलं पाहिजे. आन् तिले कळू देऊ नोका."

वंदना : रडत होती काय डिंपल?

शेखर : नाई ना. तेच तं. हातावर ओली मेंदी, आन् कोणाले पत्ता सांगावा तशी सांगत होती. सोमवारी अकोल्याले आईचं ऑपरेशन हाये. गालात गाठ. डाक्टर म्हणे, जबडा काढा लागते, मंग तोंड पह्यल्यासारखं राहणार नाई. काकूनं घरात कोणाले सांगतलंच नाई. पोरीचं लग्न होऊ द्या, मंग पाहू म्हणे. डिंपलच्या हाती दवाखान्याचा कागद लागला, तोही तिनं चुपचाप जागच्या जागी ठेवून देला.

वंदना : मायलेकी दोघी एकमेकींपासून लपवून राह्यल्या. आन् जुना एखादा फोटो नाई?

शेखर : कोठचा! मोठ्या पोरीच्या लग्नाचे म्याच काढले होते, याच अंगणात. चौदाशे फोटो. काल सारे पाह्यले. काकू बावीस फोटोत हाये, आन् बावीसही फोटोत तोंडावर पदर. क्यामेरा दिसला का पदर वर. एकात तं नुसता हात हाये, कुंकवाचा करंडा धरेल. चौदाशे काढले, आन् नवरीच्या मायचं तोंड नाई काढलं! लाज वाटली मले.

वंदना : म्हणून दोन-दोन लेन्सा आणल्या मागून.

शेखर : हाव. ही सहाशेची लांबून काढते. ही पांढरी सत्तर-दोनशे साफ काढते, पण तिले घेऊन पंधरा पावलाच्या आत जा लागते. पंधरा पावलावर मी दिसतो मंग तिले.

वंदना : इतके बोलता, त्याच्यापेक्षा तुळशीवर एक काढून पाहा ना.

शेखर : पाहतो... हे काय? वृंदावन हालून राह्यलं.

वंदना : तुमचा हात हालला असन.

शेखर : ट्रॅक्टरवर टेकवली हाये लेन्स. तरी सारं लवलव करून राह्यलं. तुळस पाण्यात बुडाल्यासारखी.

वंदना : डोळे उघडा जरा. मधात आचाऱ्याची भट्टी हाये. बुंदीची कढई चढली तिच्यावर. वाफा उठून राह्यल्या, आन् तुम्ही त्या वाफातून पाहून राह्यले.

शेखर : खतम! हे काऊन नाई ध्यानात आलं मले?

वंदना : सारं लांबूनच पाहा लागते ना तुम्हाले. जवळची भट्टी कशी दिसन?

शेखर : आचाऱ्याले सांगतो, भट्टी सरकव म्हणून.

वंदना : पाचशे पानाचा सैपाक हाये. कढई उतरवून भट्टी सरकवाची, आन् कारण काय सांगसान त्याले?

शेखर : मंग सांग ना तू! हसू नोको नुसती. अक्षता एकदाच पडतात. आन् सोमवारही एकच हाये. चुकलं तं मी त्या पोरीले तोंड कसं दाखवू?

वंदना : बरं, बरं. पांढरीच लावा. मांडवाच्या मांगच्या अंगानं कनात बांधली हाये, तिच्या आडोशाले उभे राहा. तिथून तुळस पंधराक पावलं असन. मी येते संग. माह्या क्यामेऱ्याले पन्नासची राहू दे.

शेखर : पन्नासचीले हातभर अंतरावर जा लागते. तू गेली का तिचा पदर वर!

वंदना : मी फोटो काढाले नाई, बसाले जाते. अक्षता पडेस्तोवर पोरीच्या मायनं मांडवाकडं पाहू नाई, तुळशीले पाणी घालत बसावं, असं हाये आपल्याकडं. वडनेरले आपल्या लग्नात माह्या मायलेही असंच बसवलं होतं. तुमच्या फेट्याचा तुरा ऐन वक्ताले गळून पडला, हे तिले फोटोत पाहून समजलं. एकटं बसणं लय वाईट असते, बाप्पा. सारं गाव मांडवात, आन् जिची पोर ती भांड्यापाशी.

शेखर : स्टेजवर फोटो काढाले ऋत्विक हाये ना? मेहकरवरून येतो म्हणाला होता.

वंदना : कवाचा आला. नवरा-नवरी तो पाहीन. चाला आता.

(घरामागचं अंगण. मंगलाष्टकं सुरू झाली आहेत आणि लाउडस्पीकरला कुणाची दया नाही. मनकर्णाबाई तांब्या घेऊन तुळशीपाशी, वंदना तिच्याजवळ. शेखर कनातीला पालीसारखा चिकटलेला.)

मनकर्णाबाई : काऊन, शेखरभाऊ? मांडव तिकडं, आन् तू इथं कनातीत लपून काय करून राह्यला, बाप्पा?

शेखर : मी? काई नाई, काकू.

मनकर्णाबाई : ते पांढरं नळकांडं माह्यावर रोखलं काय?

शेखर : नाई, नाई! तुमच्यावर काऊन? डिंपलवर. कनातीले फट हाये ना, तिच्यातून नवरी दिसते.

मनकर्णाबाई : मंग म्या उगंच पदर घेतला. इतक्या दुरून दिसते?

शेखर : जवळ दिसते, काकू. लय जवळ.

वंदना : पाहता काय, काकू?

मनकर्णाबाई : नोको वो माय! पाहू नाई. मोठीच्या टायमालेही नाई पाह्यलं. सासू सांगून गेली, मायची नजर पडू नाई.

वंदना : तुमची कोठं पडते? काचीची पडन.

मनकर्णाबाई : काचीतून पाह्यलं तं चालते?

वंदना : शास्त्रात क्यामेऱ्याचं काईच लिहेल नाई.

मनकर्णाबाई : तू तं वकिलीण हाये, बाई. शेखरभाऊ, कितवं चालू हाये हे?

शेखर : चौथं झालं. पाचवं सुरू झालं.

मनकर्णाबाई : मंग इकडं कर लवकर!

शेखर : इथं या, फटीपाशी. दोन्ही हातानं धरा. एक हात खालून. जड हाये, सोडू नोका.

मनकर्णाबाई : मंग पदर कोण धरन?

वंदना : मी हाये ना.

मनकर्णाबाई : नुसतं लाल लाल दिसून राह्यलं.

शेखर : तो मांडवाचा कपडा. जराक डाव्या अंगाले घ्या. अजून. बस.

मनकर्णाबाई : अगं माय! डिंपल! हे तं इतकी जवळ हाये का हात लावावा! नथ वाकडी झाली तिची. कोणी नीट काऊन करत नाई? पाहा, पाहा, खालचा ओठ दाताखाली धरला. लहानपणी शाळेत जाताना असाच धरे. भेली बाई माही. आता हसली. अंतरपाट तं हाये अजून, मंग कोणाकडं पाहून हसली?

शेखर : वंदना...

वंदना : तुम्ही लेन्स सांभाळा. माह्याकडं पाहू नोका.

लाउडस्पीकर : ...शुभमंगल सावधान!

मनकर्णाबाई : पडल्या! पडल्या अक्षता! डोक्यावर पडल्या, भुवईवर एक दाणा अटकला. दोघी पोरींच्याही पडल्या गं माह्या. घे बाप्पा तुहं नळकांडं. आता काई दिसत नाई मले, सारं पाणी पाणी झालं.

शेखर : बसा, काकू. पाणी प्या.

मनकर्णाबाई : बसाले टाईम कोठं हाये आता? डिंपलले सांगू नोका, म्या पाह्यलं म्हणून.

वंदना : नाई सांगत.

मनकर्णाबाई : आन् वंदना, तूनं माह्या कानापाशी टिकटिक केलं ते?

वंदना : काकू, ते... म्या...

मनकर्णाबाई : पदर सोडला तूनं, तवाच समजलं मले. पदर घ्याले एक हात काढता आला असता. नाई काढला.

शेखर : काकू, तुमच्या मनात नसन तं आत्ताच्या आत्ता पुसून टाकतो.

मनकर्णाबाई : पुसू नोको. डिंपलसाठीच काढला ना? दवाखान्याच्या कागदाची घडी उलटी पडली तिच्या हातून, म्या पाह्यली. दे तिले. पण आज नोको, सोमवार जाऊ दे. मंगळवारी दे.