आचऱ्याच्या किनाऱ्यावरची अकरा मिनिटं

आजच्या सत्कार सोहळ्याचे अध्यक्ष आदरणीय ह्युबर्ट लोबो सर, सत्कारमूर्ती छायाचित्रकार श्री. दीपेश प्रभुणे, व्यासपीठावरचे मान्यवर आणि समोर बसलेल्या माझ्या मालवण-आचऱ्याच्या बंधू-भगिनींनो, सर्वांना स्वप्ना तारीचा नमस्कार.

मी शाळेत मराठी शिकवते, म्हणून संयोजकांनी मला चार गोड शब्द बोलायला सांगितलं. दीपेश सरांच्या ज्या छायाचित्राला पुरस्कार मिळाला, ते माझ्या मागे लावलेलं आहे. लाटांनी भिजलेली वाळू, जाळ्यात गुरफटलेलं मेलेलं कासव आणि त्याच्यावर सुरी धरून ओणवा झालेला एक म्हातारा. खाली शीर्षक आहे, ‘शेवटचा घाव’. प्रकाश किती सुंदर आहे, नाही?

तो म्हातारा माझा बाप. बाबली तारी. तेरा वर्षं आचऱ्याच्या किनाऱ्यावर कासवांची घरटी त्यांनी राखली. कुंपण घालायचं, कुत्री हाकलायची, पिल्लं निघाली की पाण्यापर्यंत सोबत जायचं. कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना आवडायचं, एवढंच.

गेल्या फेब्रुवारीतल्या त्या सकाळी लाटेत एक मादी सापडली. कुणीतरी टाकून दिलेलं जाळं तिच्या मानेला आवळलं होतं. बाबांनी तिला ओढून पाहिलं, पण ती जड होती, हलेना. मला म्हणाले, “गो, घराकडसून सुरी हाड, धाव!” मी धावले. परत आले तेव्हा दीपेश सर तिथे पोचले होते. आमच्या गावाचे पाहुणे. मी बाबांच्या हातात सुरी दिली.

“सायबानु, जीव आसा तेच्यात. कापतंय हां,” बाबा म्हणाले.

“काका, थांबा. उजेड येतोय. तसेच ओणवे राहा. या एका फोटोने हजार कासवं वाचतील.”

बाबा थांबले. पाहुण्यांचा शब्द मोडायचा कसा? लाट यायची, तिच्या डोक्यावरून जायची. ती मान वर काढायची, मग कमी काढू लागली. बाबांनी दोनदा विचारलं, “आता कापू?” दोन्ही वेळा सर म्हणाले, “जरा.” मीही उभी होते. मी शिकलेली, पगारी शिक्षिका, तरी तोंड उघडलं नाही. हे मी आज सगळ्यांसमोर कबूल करते.

शेवटी सर म्हणाले, “झालं. कापा आता.” बाबांनी जाळं कापलं. पण मान वर आली नाही.

त्यानंतर मालवणात प्रदर्शन भरलं. जंगलं, कातळाचे उघडे सडे, गरुड, डॉल्फिन, सगळं डोळ्यांत भरणारं. मी सहावीचा वर्ग घेऊन गेले आणि बाबांनाही नेलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते ते. आपला फोटो लागलाय, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांना वाचता येत नाही. फोटोसमोर उभे राहून म्हणाले, “काय लिवलांहा तां माका वाचून दाखव.”

मी वाचलं. मनात. आणि मोठ्याने म्हणाले, “बाबली तारी, कासव वाचवताना.”

बाबा हसले. फोटोशेजारी जाऊन उभे राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्याला हात जोडू लागले. पहिल्या माणसाने मान फिरवली. एक बाई मुलाला ओढून पुढे गेली. बाबा आपले हात जोडून उभेच. मग एक सद्गृहस्थ थांबले आणि म्हणाले, “मारलंत ते मारलंत, वर फोटोजवळ मिरवता? लाज नाही वाटत?”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मी कुणाला वाचून दाखवू शकणार नाही.

बाहेर अभिप्रायाच्या वहीत माझ्याच विद्यार्थिनीने, अक्षयाने, वळणदार अक्षरात लिहिलं होतं : ‘या माणसाला तुरुंगात टाका.’ शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

मी दीपेश सरांना पत्र लिहिलं, शीर्षक बदला, निदान खाली खुलासा जोडा म्हणून. सरांनी सौजन्याने उत्तर दिलं : ‘खुलासा जोडला की चित्राची धार जाते.’ बरोबर असेल. कलेतलं मला कमी कळतं. बाबा मात्र पुन्हा किनाऱ्यावर गेले नाहीत. यंदाच्या हंगामातली तीन घरटी कुत्र्यांनी उकरली. दुसरं कुणी राखायला गेलं नाही.

आज निघताना बाबांना विचारलं, काय बोलू? म्हणाले, “पावण्यांका वायट बोला नको. मियां थांबाक नको होतां.”

म्हणून मी वाईट काही बोलत नाही. फक्त एक सांगते. मघापासून सत्कारमूर्तींनी दोनदा घड्याळ पाहिलं. अध्यक्षांनीही ‘आवरा’ अशी चिठ्ठी पाठवली आहे. मला बोलायला लागून सहा मिनिटं झाली आणि ती तुम्हाला एवढी जड गेली. त्या सकाळी बाबांच्या हातात सुरी दिल्यापासून ‘कापा आता’ म्हणेपर्यंत अकरा मिनिटं झाली होती. पहिल्या आणि शेवटच्या फोटोवरची वेळ सरांच्या कॅमेऱ्यात असेलच.

संयोजकांची मी ऋणी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पदरात घ्या. उरलेली पाच मिनिटं मी दीपेश सरांना देते. सर, माईक चालू आहे. सभागृह थांबलंय.