दालचिनी रोलला नको म्हणणारी माणसं

...नको म्हणाले हो! तोंडावर! ओव्हनमधून नुकते काढलेले, वरून साखरेचा पाक ओघळतोय, अशा माझ्या दालचिनी रोलला ती दोघं म्हणतात, "नको, थँक्यू!" आता तुम्हीच सांगा, आमच्या नेब्रास्कात जन्मलेला माणूस दालचिनी रोलला नको म्हणेल? मधुमेहवालासुद्धा अर्धा उचलतो आणि बायकोकडे बघत नाही! तेव्हाच मी मनाशी म्हटलं, मार्लिस, रोलला नको म्हणणाऱ्याच्या पोटात दुसरंच काहीतरी असतं!

झालं काय, आमच्यासमोर आर्डिस राहते. ती आणि गावातली चार निवृत्त मंडळी मिळून एक संस्था चालवतात. संस्था कसली, एक जुनी व्हॅन! आजारी माणसांना शहरातल्या दवाखान्यात न्यायचं, परत आणायचं, फुकट. आमच्या लायलला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, डायलिसिसला तीच नेते. माझे डोळे हे असे, मी गाडी हाकली तर दोघांनाही तिथेच ठेवून घेतील! तर ती व्हॅन बसली. कायमची. आर्डिस बिचारी स्वतःच्या चिमुकल्या गाडीतून खेपा घालायची, मागे लायल गुडघे छातीशी घेऊन... आणि बर्फ तोंडावर आलेला. बर्फात ती गाडी टेकाड चढणार नाही, आणि डायलिसिस काही वसंतापर्यंत थांबत नाही हो.

त्यात एका सकाळी आर्डिसच्या अंगणात परकी मोटार! मी काही डोकावत नव्हते हं, पडदा झटकत होते. एक बाई, एक पुरुष, चकचकीत बूट, आणि बंद व्हॅनचे फोटो काढतायत! चाकाखाली वाकून बघतायत! आर्डिस घरात नाही. मग शेजारधर्म म्हणून मी ताटली घेऊन गेले. रोल पुढे केला की माणूस आपोआप बोलायला लागतो, माझा आजवरचा अनुभव! तर ती बाई म्हणते, अगदी मधाळ आवाजात, "वास फार छान येतोय, पण आम्हाला काही घेता येत नाही."

घेता येत नाही? कोणाला घेता येत नाही? तपासनिसाला! म्हटलं, आलं लक्षात... घरच्या अंगणातून ही संस्था चालवते म्हणून कोणीतरी तक्रार ठोकलीय, आणि हे आलेत सगळं बंद करायला!

बाई विचारते, "इथून किती लोक डायलिसिसला जातात?"

"डायलिसिस? आमच्या गल्लीत सगळ्यांची मूत्रपिंडं ठणठणीत आहेत!"

"मग ही व्हॅन?"

"शोभेची. उन्हाळ्यात तिच्यावर वेल सोडतो."

"म्हणजे इथं कोणाला कसली गरज नाही?"

"गरज? आम्हाला? छे!"

तेवढ्यात आमच्या व्हरांड्यातून लायल, डायलिसिसच्या खुर्चीत तासन्‌तास बसायचं म्हणून काखेत उशी, अंगावर रजई: "मार्लिस! आर्डिस आली का गं? माझ्या डायलिसिसची वेळ झाली!"

...आणि आर्डिस आलीच, त्यालाच न्यायला. "अगं बये, हे कम्युनिटी फाउंडेशनचे लोक! नव्या व्हॅनसाठी अनुदान मागितलंय मी!"

"मग मला आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुला सांगायचं म्हणजे चर्चची घंटाच वाजवायची!"

फाउंडेशन म्हणजे काय, तर काउंटीतली, म्हणजे आमच्या जिल्ह्यातली, माणसं जाताना थोडे थोडे पैसे मागे ठेवतात, ते सगळे एकत्र गुंतवायचे, आणि त्याच्या उत्पन्नातून दरवर्षी इथल्याच संस्थांना द्यायचं. परत मागायचं नाही! मेलेली माणसं जिवंतांना गाड्या घेऊन देतात, आणि परत मागत नाहीत? आमच्या कोपऱ्यावरचा म्हातारा एल्डन, हॅलोविनला पोरं गोळ्या-चॉकलेटं मागायला आली की दिवे मालवून बसायचा, त्याचेही पैसे म्हणे त्यात आहेत! मला नाही पटलं. रोलला नको म्हणणाऱ्याच्या पोटात...

पण खरं सांगते, अनुदानाचा निकाल येईपर्यंतचे ते दिवस वाईट गेले. लायल एवढंच म्हणाला, "शोभेची होय गं?" आणि खोकला येईस्तोवर हसला. मला नाही हसू आलं. त्याची गाडी मी माझ्या तोंडाने घालवली होती ना!

आणि व्हॅन मिळाली! नवीकोरी! लायल पाय पसरून बसतो, येताना घोरतो. मी विचारलं त्या डोरीनला, तीच ती मधाळ बाई, "मी एवढं खोटं बोलले, तरी?" म्हणाली, "तुमच्या नवऱ्याची उशी खरं बोलली." आणि वर म्हणते, "आमच्या समितीवर या ना, मार्लिस. तुमच्याइतके प्रश्न आमच्यात कोणी विचारत नाही." म्हटलं, यात यांचा काय डाव? पण आतूनच बघायला मिळतंय म्हटल्यावर... गेले.

आणि पहिल्याच दिवशी नियम कळला. ज्यांना द्यायचं की नाही ते आपण ठरवणार, त्यांच्याकडचा घाससुद्धा घ्यायचा नाही!

कालच समितीतर्फे गेलो होतो शेजारच्या गावात, शाळा सुटल्यावर पोरांना जेवू घालणाऱ्या बायकांकडे. सकाळपासून उपाशी मी. आणि आली की ती ताटली! दालचिनी रोल! माझ्या रोलपेक्षा मऊ, हे आपल्यातच ठेवा हं, वर लोणी विरघळतंय... "घ्या ना हो!" आणि मी म्हटलं, मधाळ आवाजात, "वास फार छान येतोय, पण आम्हाला काही घेता येत नाही."

तुम्हाला सांगते, समोरच्या घरात कोणीतरी लगेच पडदा झटकला! ओळखते ना मी तो झटका! झटक बाई, झटक. पण माझ्या पोटात काही नाही गं... खरंच काही नाही, तोच तर त्रास आहे!