एका तिरक्या रेघेचं पाणी

...आणि वर मलाच विचारत्यात, आबा, तोंड का पाडलंय? न पाडून करू काय? माझी वांगी सुकली. भर दिवसा, माझ्या डोळ्यांदेखत. आणि केलं कुणी, तर कुणीच न्हाई, सगळं आपोआप झालं म्हणं!

ऐका. सुदुंबऱ्यात नदीवरची आमची मोटर आठवड्याला पन्नास तास चालती. शेतकरी बारा, आणि तीस वर्षं पाणी सोडणारा मी, गेणू. शाळा दुसरी, पण पाण्यावरनं कुणाचं डोकं फुटू दिलं न्हाई. कुणाची पाळी कवा, किती तास, ती यादी संगणक काढतो. निलेश मास्तरनं तसा प्रोग्राम लिहून दिलेला. प्रत्येकी चार तास. बारा चोक अठ्ठेचाळीस. उरले दोन. आणि उरलं पाणी सोडणाऱ्याचं, हा आमचा रिवाज. त्या दोन तासांवर माझी वांगी... तळेगावच्या बाजारात लोक नुसता हात लावाय थांबायचे.

तर जुना संगणक मेला. नवा आणला, तर त्याला मास्तरच्या प्रोग्रामची भाषा कळंना, लय जुनी म्हणं. माझी नात अपेक्षा आंबीला संगणकाच्या कंपनीत असती. ती म्हणली, "आबा, जुन्याचं नव्या भाषेत आपोआप होतं. बटण दाबायचं फक्त."

मी बाराच्या बारा जण बोलावले, ओट्यावर बसवले आणि ठणकावून सांगितलं, यंत्र काय करंल ते करंल, पण हातानं एक अक्षर बदलायचं न्हाई. जो बदलंल त्याची गाठ माझ्याशी. हे त्यातल्या भिकाजीकडं बघून, कारण त्याला खुसपट काढायची लय हौस. मग पोरीनं बटण दाबलं. तुमाला सांगतो, ओळी अशा पळाय लागल्या, अशा पळाय लागल्या, की शर्यतीच्या घाटात बैलांची बारी सुटावी! मी उठून टाळ्या वाजवल्या. मी, ज्यानं लेकाच्या लग्नात वाजवल्या न्हाईत. आपोआप म्हंजे काय चीज असती...

यादी आली. प्रत्येकी चार तास दहा मिनिटं.

दहा मिनिटं आली कुटनं? अपेक्षा म्हणती, "पन्नासाला बारानं भागलं की चारच्या वर थोडं येतं, आबा. जुनी भाषा ते टाकून द्यायची. नवी टाकत न्हाई. भागाकाराची तिरकी रेघ होती तशीच आहे, तिचं वागणं बदललं."

भिकाजी बोटांवर मोजत बसलेला. "बारा जणांची दहा-दहा मिनिटं... दोन तास झाले की वो आबा. आता उरलं किती?"

"काय न्हाई."

"मग सोडणाऱ्याला काय?" आणि हसतोय. सगळेच हसत्यात.

पोरगी कानाशी आली. "आबा, रेघेला लागून अजून एक रेघ मारली की परत चार तास. मारू?"

एक रेघ. माझा अख्खा वाफा एका रेघेवर आलेला. मार, हे शब्द दातापाशी आलते. तेवढ्यात भिकाजीनं ऐकलंच, म्हणतो कसा, "मारायची का आबा रेघ? तुमी म्हणाल तसं." आता ज्या तोंडानं बारा जणांना दम भरला, त्याच तोंडानं...

"न्हाई," म्हणलं. "बोललो ते बोललो."

तवापासून यादी निघती, आपोआप. बारा शेतं भिजत्यात, आपोआप. भिकाजी बांधावरनं रामराम घालतो, तोबी आपोआप. आणि मी सकाळ-संध्याकाळ नदीवरनं बादल्या वाहतोय.

बादलीचं अजून नव्या भाषेत झालेलं न्हाई.