डावीकडे जात नाही

दुरुस्तीच्या दुकानात रांगेत एका शिक्षिकेच्या पुढे एक नवराबायको होते. नवऱ्याने जुना व्हिडिओ गेम आणि घरी बनवलेली जॉयस्टिक काउंटरवर ठेवली.

"दादा, ही डावीकडे जातच नाही."

"आतला स्विच बदलून पाहिला?"

"स्विच बदलला, वायरही बदलली."

कारागिराने गेम लावून दांडी फिरवली. "जातेय की छान!"

"द्या इकडे... बघा, अडली. स्प्रिंग कडक आहे. जरा नरम करून द्या."

"अहो, महिन्यात दोनदा नरम केलीत तुम्ही," बायको म्हणाली. "माझं बोट धरा बघू. घट्ट."

"धरलंय की."

"कुठे धरलंय?"

"हे काय!" तो म्हणाला, पण बायकोने त्याच्या मुठीतून बोट सहज सोडवून घेतलं.

"दादा, हे सगळं राहू द्या इथेच. आम्ही आधी दवाखान्यात जाऊन येतो."

शिक्षिकेने पटकन बाजूला होऊन दार उघडलं.