गोळ्याला घातलेला हार

मी मूळची चिंचवडची. वडील कारखान्यात माल तपासायला होते, त्यामुळे गॅस बंद केलाय का हे आमच्याकडे एकानं बघितलं तरी दुसरा जाऊन बघायचा, आणि तीच सवय घेऊन लग्नानंतर मी ह्यांच्याबरोबर इकडे जर्मनीत, गार्चिंगला आले. ह्यांचं वेड एकच, पिकअप घ्यायचा, मागे कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, लावायची आणि पार उत्तरेच्या समुद्रापर्यंत जायचं. दोन्ही घेऊन झालं आणि ह्यांना ऑफिसात फिट आली. परत आली तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता गाडी चालवणं बंद.

मग काय सांगू तुम्हाला, मीच शिकले. एवढं वजन ओढायला इथे वेगळा फ्युअररशाईन, म्हणजे लायसन्स लागतं, त्याची परीक्षा दिली, कॅरॅव्हॅन ज्यावर अडकते तो लोखंडी गोळा पिकअपला मागे बसवून घेतला, दिव्यांचं वायरिंग, बाहेर येणारे आरसे, सगळं मीच बघितलं. हे शेजारी बसून म्हणायचे, हळू, म्हैस हाकत नाहीयेस. रिव्हर्स चुकला की म्हणायचे, ह्यापेक्षा माझी फिट बरी, लवकर संपते. मी ऐकून घ्यायचे. ह्यांची अट एकच होती, कॅरॅव्हॅन जोडणार मी, तिथे तू हात लावायचा नाहीस. बरं म्हटलं. दुसरं उरलं होतं काय त्यांच्याकडे?

निघायच्या सकाळी पूजा ठेवली. ह्यांचे मित्र विनय भावोजी आणि इथल्या मराठी मंडळातली दोनचार घरं आली होती. चाकांखाली लिंबं, गोळ्याला हळदकुंकू, आणि गोळ्याच्या मानेला ह्यांनी झेंडूचा छोटा हार गुंडाळला. मग स्वतः कॅरॅव्हॅनचं तोंड त्यावर उतरवलं, दांडी दाबली, म्हणाले, बसलं. टाळ्या झाल्या. हार लगेच काढायचा नसतो, म्हणून तो काढावा असं कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही. पण नीट बसलं की दांडीपाशी हिरवी खूण दिसते, ती लाल होती. मी हळूच म्हटलं, अहो, लाल दिसतंय. तर म्हणाले, तुला लालच दिसणार, मी केलंय ना.

पुढे ऑटोबान होता हो, सुसाट गाड्यांचा हायवे. मी कॅरॅव्हॅनच्या पुढचं छोटं चाक खाली फिरवायला घेतलं, सगळ्यांसमोर. नीट जोडलेलं असेल तर कॅरॅव्हॅनच्या तोंडाबरोबर पिकअपचा मागचा भागही वर येतो. आली ती कॅरॅव्हॅन एकटीच, आणि खाली चेंगरलेला झेंडू. विनय भावोजी म्हणाले, वहिनी, आता ह्यालाही हुक लावून ओढा. सगळे हसले. आमच्या लेकीला मराठी कळतं, बोलते जर्मन, तीही म्हणाली, जा, गेनाऊ, म्हणजे हो, अगदी बरोबर. हे हळदीचे हात नव्या कुर्त्याला पुसत उभे होते.

मी हार काढला, जोडलं, हिरवं आलं. समुद्र बघून आलो, फोटोही आहेत.

तेव्हापासून मीच जोडते. परवा म्हटलं, अहो, आज तुम्ही जोडा ना. म्हणाले, आणि तू परत उचलून बघणार? मी म्हटलं, बघणार. खोटं कसं बोलू? ते गाडीत जाऊन बसले, पट्टा लावला. असू दे. जिथे जाऊ तिथून सुखरूप परत आणते त्यांना, एवढं माझ्या हातून होत राहो.